वहिनीच्या चुका

आमच्या ऑफिसात वाक्यांची झाडं करतात. कुठलंही वाक्य घ्यायचं, त्याचं क्रियापद सगळ्यात वर ठेवायचं, त्याच्याखाली कर्ता, कर्म, त्यांच्याखाली त्यांचे लहानसहान शब्द, आणि कोण कोणाच्या हाताखाली ते रेघांनी जोडून दाखवायचं. अशी हजारो झाडं दाखवली की संगणकाला भाषा कळते म्हणे. दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ, त्यांना शीर्षासनवाली झाडं म्हणायचा. तो बसगाड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा, त्यामुळे उलटं टांगलेलं काहीही बघायची त्याला सवय होती.

दादाला जाऊन तीन महिने झाले. सकाळी डबा घेऊन गेला आणि दुपारी हॉस्पिटलमधून फोन आला. त्यात सांगण्यासारखं आणखी काही नाही. मला रडू आलं नाही. दातासाठी सुई दिल्यावर गाल चावला गेला तरी कळत नाही, तसं चाललं होतं. काम मात्र छान होत होतं. इतकं छान कधीच झालं नव्हतं.

हे काम मी रद्दीत मिळालेल्या व्याकरणाच्या पुस्तकावरून शिकले, चाळिशी ओलांडल्यावर. वहिनीला मी शिकवलं, घरच्या टेबलावर, भाजी निवडता निवडता. आम्ही दोघी एकाच घरात राहतो आणि एकाच जोडीत काम करतो. जोडी अशासाठी की प्रत्येक वाक्य दोघींनी वेगवेगळं करायचं. एकमेकींचं बघायचं नाही, विचारायचं नाही. मग दोन्ही झाडं किती जुळतात ते मोजतात, आणि जिथे जुळत नाहीत तिथे बैठकीत भांडून एक ठरवतात. आमच्या टेबलांच्या मधे लोखंडी कपाट आहे. माझ्यामुळे ऑफिसात सगळेच तिला वहिनी म्हणतात.

दादा गेल्यावर दोन आठवड्यांनी वहिनी कामावर आली. "किती सावरली," असं सगळे म्हणाले. मीही म्हणाले.

जुळणी मोजते ती आमची वरिष्ठ बाई, फूटपट्टी. हे तिचं नाव नव्हे, पण तिलाही ठाऊक आहे. एका दुपारी तिने मला एकटीला बोलावलं.

"ताई, तुमची जुळणी किती आलीय माहितेय?"

"कमी आली का?"

"शंभर. सलग तिसऱ्या गठ्ठ्यात. सख्ख्या जुळ्या बहिणींची पण येत नाही."

"आम्ही नणंद-भावजय आहोत."

"म्हणून तर जास्तच संशय येतोय." ती हसली, मग हसू आवरलं. "पूर्वी तुमची पंच्याऐंशीच्या आसपास असायची. माणसं म्हटल्यावर तेवढं चुकायचंच. आता कोणीतरी कोणाचं तरी बघतंय. पुढच्या गठ्ठ्यातही हेच आलं तर मला वर कळवावं लागेल, आणि जी बघते ती घरी जाईल. ती कोण, ते तुम्ही मला सांगू नका. मला विचारायचंही नाहीये."

मला कळायला फार वेळ लागला नाही. मी झाड आधी पाठकोऱ्या कागदावर पेन्सिलीने काढते, मग संगणकावर. कागद टोपलीत. टोपली कपाटाच्या कडेला, दोघींना मिळून एक. त्या संध्याकाळी मी घरी वहिनीची पिशवी उघडली. असलं काम मी आयुष्यात केलं नव्हतं. माझे सगळे कागद आत होते, चुरगळलेले, हाताने दाबून दाबून सपाट केलेले, तारखेप्रमाणे लावलेले.

वहिनी भांडी पुसत होती. कागद बघून ती पुसतच राहिली.

"कधीपासून?"

"आल्यापासून."

"मला सांगायचंस."

"काय सांगू?" तिने ताटली पालथी घातली. "शब्द कळतात गं सगळे. एकेक शब्द कळतो. पण वाक्य संपेपर्यंत सुरुवात निघून जाते. परत पहिल्यापासून वाचते, परत जाते. दिवसभरात तीन वाक्यं झाली पहिल्या दिवशी. तीन. मग टोपलीत तुझा कागद दिसला."

"डॉक्टरकडे जाऊया."

"गेले होते. म्हणाला, होईल हळूहळू. हळूहळू कोणाला परवडतंय? घरात बसले तर मी भिंती बघेन, वन्सं. ऑफिसात निदान कपाट तरी बघते."

ती मला वन्सं म्हणते ते थट्टेनं. त्या दिवशी थट्टा नव्हती, पण दुसरा शब्द तिला सापडला नसावा.

पुढचा गठ्ठा दोनशे वाक्यांचा होता. मी ठरवलं की दोघींचं मीच करायचं. माझं माझ्यासारखं आणि वहिनीचं वहिनीसारखं. नियमाचं काय, असं मला एकदाही वाटलं नाही. तेव्हा मला काहीच वाटत नव्हतं, त्यात हेही बसून गेलं.

पण वहिनीसारखं म्हणजे कसं? दोन झाडं वेगळी काढणं सोपं. वहिनी चुकेल तिथेच चुकणं अवघड. मी तिच्या वर्षभराच्या जुन्या फायली काढल्या आणि रविवार त्यात घातला. बाईच्या चुकांनाही वळण असतं, अक्षराला असतं तसं. 'जुन्या पेट्या आणि खुर्च्या' असं आलं की मी फक्त पेट्या जुन्या धरायचे, वहिनी दोन्ही जुन्या धरायची. एकीला म्हटलं आणि दुसरीला नाही, हे तिला बरं वाटायचं नाही. वाक्यात कर्ता दिलेला नसेल तर त्याच्यासाठी रिकामी जागा काढायचा नियम आहे. ती कधीच काढायची नाही. "आलाच नाही त्याचं ताट कशाला मांडायचं?" असं मला बैठकीत म्हणाली होती. तेव्हा आम्ही फूटपट्टीसकट पोट धरून हसलो होतो. मी त्या गठ्ठ्यात तिच्या नावावर नऊ रिकाम्या जागा गाळल्या.

कागद तिच्या हातात दिले तेव्हा ती म्हणाली, "इतक्या चुका?"

"तुझ्याच आहेत. मोजून घातल्यात."

चार दिवस ती ते कागद बघून संगणकावर उतरवत राहिली. जुळणी ब्याऐंशी आली. फूटपट्टीने आकडा बघून मान हलवली. "छान. आता बैठक."

बैठकीचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. शंभर जुळत होतं तेव्हा बैठका बंद होत्या. आता छत्तीस वाक्यांवर वहिनीला तोंडाने सांगावं लागणार होतं की तिने तसं का केलं. आणि केलं तर मी होतं.

छोटी खोली, एक टेबल, भिंतीवर पडदा. फूटपट्टीने पहिलं झाड लावलं. पेट्या आणि खुर्च्या.

"वहिनी, दोन्ही जुन्या का?"

वहिनीने पडद्याकडे बघितलं. बघत राहिली. तिचे ओठ हलत होते, परत पहिल्यापासून हलत होते. मी टेबलाखाली हात घट्ट धरले. उत्तर मला पाठ होतं, पण ते माझं नव्हतं.

"नवीन खुर्ची कोणी जुन्या पेट्यांशेजारी ठेवतं का?" वहिनी म्हणाली. आवाज सपाट होता. पण उत्तर होतं.

"ताईंचं घ्यायचं की तुमचं?"

"त्यांचंच घ्या. माझी सवय आहे ती."

असं अकरा वाक्यांपर्यंत गेलं. ती दरवेळी वाचायला वेळ घ्यायची, फूटपट्टी चहाचा कप फिरवत बसायची. बारावं लागलं. 'बाईंनी खिडकीतून पडणारं पाणी पाहिलं.' मी दचकले. हे वाक्य मी दोघींच्या कागदावर सारखंच काढलं होतं. मुद्दाम, थोडं जुळावं म्हणून. पडद्यावर वहिनीचं वेगळं होतं.

"ताई, तुमचं आधी."

"खिडकीतून पडणारं पाणी," मी म्हणाले. "शब्द शेजारी शेजारी आहेत."

"खिडकीतून पाहिलं," वहिनी म्हणाली. "पाणी खिडकीतून कशाला पडेल? कोणी बादली ओततंय का वरून?"

"वाक्यात बादली नाही."

"बाई आहे ना? बाई आत उभी आहे. खिडकीपाशी. बाहेर पाणी पडतंय. तुम्ही कधी खिडकीपाशी उभ्या राहिला नाहीत का?"

ऑफिसात ती मला अहो-जाहो करते.

मी सोडून द्यायला हवं होतं. पटकन हो म्हटलं की बैठक उरकली असती. पण बैठकीत भांडायचं असतं, आणि माझं मलाच खरं वाटत होतं की शेजारचा शब्द शेजारच्याला जातो. मी म्हणाले, "बाई बाहेर असेल. इमारतीतून पाणी गळत असेल."

"मग भिंतीतून गळेल, नाहीतर छतातून. वन्सं, तुमचं चुकलंय. सरळ सांगते. तुम्ही वाक्य वाचलंच नाही, नुसते शब्द जोडलेत."

फूटपट्टीने माझ्याकडे बघितलं. मी वाक्य वाचलं, या वेळी शेवटपर्यंत. तीन महिन्यांत मी दोन हजारांवर वाक्यांची झाडं काढली होती. एकातलीही बाई मला दिसली नव्हती.

"वहिनीचं घ्या," मी म्हणाले.

चोवीस उरली होती. त्यातली सात ती जिंकली. त्या सातांपैकी पाच मी घातलेल्या चुका होत्या आणि तिने त्या अशा लढवल्या की नियमच बदलायला हवा असं फूटपट्टीला वाटायला लागलं. संध्याकाळ होत आली तेव्हा फूटपट्टी वही मिटत म्हणाली, "तुमची जोडी राहू दे. पण मला डोकेदुखीची गोळी लागणार."

आम्ही बसथांब्यावर आलो. मग वहिनी म्हणाली, "ते रिकाम्या जागांचं. नऊच्या नऊ गाळल्यास तू. इतकी ढ नव्हते मी."

"होतीस. फायली आहेत."

"दोन-तीन काढायचे मी कधीकधी."

"एकही नाही."

"बरं." तिने पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "पुढचा गठ्ठा माझा मी करते."

"जमेल?"

"नाही. दिवसाला दहा होतील, फार तर पंधरा. बाकीची कोरी देईन. फूटपट्टीला सांगते उद्या, खरं काय ते."

"ती वर कळवेल."

"कळवू दे. तुझे कागद मात्र घरी फाड. टोपलीत टाकू नकोस."

मी हो म्हणाले.