रतिलालनानांचा चोथा

शिंदखेड्याच्या बाजारात भांड्यांचं दुकान चालवणारे रतिलालनाना कुठलीही गोष्ट अर्धीमुर्धी करत नसत. धुळ्याच्या डॉक्टर मयुरीबाई त्यांचा रिपोर्ट पाहून म्हणाल्या, "नाना, कोलेस्टेरॉल वाढलंय, वजनही. रोज ही गोळी घ्या, तळलेलं कमी करा आणि जेवणात चोथा वाढवा. कडधान्यं, पालेभाज्या, कोंड्यासकट धान्य. हृदयाला बरं, आणि पोट भरलेलं राहतं." नाना घाबरण्याऐवजी हरखलेच. खाऊन बरं व्हायचं! असलं औषध कोणाला नको?

दुसऱ्याच दिवशी त्यांनी शेवभाजीला रामराम ठोकला. सकाळी ताटभर मोडाची मटकी, दुपारी ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी आणि जवसाची चटणी, मधे मूठ मूठ हरभरे, संध्याकाळी पुन्हा उसळच.

"बठ्ठं आजच खावानं शे का?" सगळं एकाच दिवसात संपवायला निघालेल्या नवऱ्यापुढे सुमनबाईंनी कपाळाला हात लावला. "हाई पोट शे, पोतं नही!"

नानांनी आणखी एक वाटी उसळ वाढून घेतली. पाणी प्यायचं मात्र विसरले.

दिवेलागणीला त्यांचं पोट तट्ट फुगलं, छातीत कळ आली आणि दरदरून घाम फुटला. शेजाऱ्याची गाडी काढून सगळे धुळ्याला सुटले. रस्ताभर नानांनी सुमनबाईंचा हात सोडला नाही. धुळ्यातच राहणारी मुलगी भूमिका दवाखान्याच्या दारात येऊन थांबली होती.

ईसीजी झाला, रक्त तपासलं. मग मयुरीबाई हसू दाबत बाहेर आल्या. "झटका वगैरे काही नाही. गॅस झालाय! छातीत दुखल्यावर लगेच आलात, हे बरोबरच केलंत. पण नाना, चोथा हळूहळू वाढवायचा असतो. आणि सोबत भरपूर पाणी!"

सुमनबाईंना हसू आवरेना आणि रडूही.

त्यानंतर ताटाचा कारभार त्यांनी हाती घेतला. थोडी उसळ, थोडी पालेभाजी, शेजारी पाण्याचा तांब्या. नानांना घाई, पण सुमनबाई ऐकतील तर ना! हळूहळू दुपारची फरसाणाची आठवण येईनाशी झाली. दुकानाच्या माळ्यावरून हंडे उतरवताना धाप लागेना. सदरे सैल झाले, तशी नाना गिऱ्हाइकांनासुद्धा पोट दाखवू लागले.

काही महिन्यांनी पुन्हा तपासणी झाली. भूमिकाने मोबाइलवर रिपोर्ट उघडला आणि ती ओरडलीच, "नाना! वाईट कोलेस्टेरॉल केवढं उतरलंय!"

"गोळी आणि जेवण, दोन्हींचीही करामत आहे," मयुरीबाई म्हणाल्या. "दोन्ही चालू ठेवा."

नाना तोवर रस्त्यावर पोचलेसुद्धा होते. पेढ्यांच्या दुकानाकडे वळलेली पावलं त्यांनी आवरली, समोरच्या हातगाडीवरून टोपलीभर पेरू घेतले आणि दवाखान्यातल्या बाकावर बसलेल्या अनोळखी पेशंटांना वाटत सुटले. "घ्या, तोंड गोड करा! सालासकट खा बरं!"

"आनि एकच खा!" मागून सुमनबाई ओरडल्या.