ताटातलं नाव

मार्चमधल्या एका मंगळवारी सकाळी दवाखान्यातून फोन आला. "मंजूषाजी के पति बोल रहे हैं?" मी हो म्हणालो. बायको गेल्याचं मला तेव्हा कळलं.

तेरावा झाल्यावर मी इंद्रपुरीत माजी सैनिक संघाकडे गेलो. श्रीलंकेतल्या लढाईला गेलेल्या आपल्या भागातल्या लोकांची नावं ते बागेत दगडावर कोरणार होते. सचिव दिगंबर काळे, निवृत्त हवालदार, माझ्या ओळखीचे.

"शांतारामभाऊ, वहिनी नर्स होत्या. हा सैनिकांचा दगड आहे."

"लेफ्टनंट होती. तेव्हा समोर आली असती तर तुम्हीच सॅल्यूट ठोकला असता."

लग्नाआधी ती जाफन्याजवळच्या लष्करी इस्पितळात अकरा महिने होती. आपल्याकडची पोरं शुद्धीवर आली की विचारायची, "ताई, पाय आहे ना?" ती चादर नीट ओढायची आणि आहे म्हणायची. हे तिने मला एकदाच सांगितलं.

काळ्यांनी यादी पाहिली. "मंजूषा कोणी नाही यात."

मी तिचं मेडल टेबलावर ठेवलं. कडेला नाव कोरलेलं होतं, कुसुम बाळकृष्ण रानडे.

"ही कोण?"

"तीच."

"कागद?"

कागद कुठला असणार? लग्नात आईने ताटात तांदूळ पसरले आणि मी अंगठीने मंजूषा लिहिलं. ती हळूच म्हणाली होती, "मला कुसुमच राहू दे." सगळे हसले. मीही हसलो. त्यानंतर रेशनकार्डापासून मृत्यूच्या दाखल्यापर्यंत मंजूषाच. गोळ्यांच्या आवाजात मिळवलेलं नाव मी मूठभर तांदळात पुसलं, आणि आता त्याचा पुरावा मलाच मागतात.

"मी शपथेवर लिहून देतो," मी म्हणालो.

"तुम्ही नवरा. तुमचं कसं धरायचं?"

"तुमच्या सुलभावहिनींचं माहेरचं नाव काय?"

"मीना."

"त्या दोघी एकच, याचा कागद आहे तुमच्याकडे?"

काळ्यांनी यादीची घडी घातली. म्हणाले, "नियम मी केलेला नाही."

तिच्या भावाला, हर्षलला, मी साक्षीसाठी दोन पत्रं पाठवली. उत्तर नाही.

गेल्या रविवारी दगड बसला. तेवीस नावं आहेत, सगळी पुरुषांची. कुसुम बाळकृष्ण रानडे हे नाव कोरायचं राहिलं आहे.