बायनाबाईचा दाखला

सकाळचे आठ वाजले होते. माणिकराव ओसरीवर खुर्चीत बसून चहा पीत होते आणि बायनाबाई डोक्यावरचा पदर पुढं ओढून, भिंतीला धरून, एक पाय फरफटत त्यांच्यासमोरून आत चालली होती. माणिकराव तिचे थोरले दीर. नवरा सटवाजी जाऊन नऊ वर्षं झाली, पण दिरापुढं तिनं कधी तोंड वर केलं नाही, मग खुर्चीवर बसणं तर दूरच. थोरल्या दिरासमोर वर बसणाऱ्या बाईनं घराण्याची लाज घालवली, हे पालमकडच्या त्या खेड्यात शेंबडं पोरही सांगत असे.

अडीच वर्षांपूर्वी गोठ्यात घसरून तिचा खुबा मोडला होता. वर्षभर ती खाटेवर कण्हत पडली. शेवटी भावानं औरंगाबादला नेलं आणि मोठ्या दवाखान्यात तिच्या खुब्यात पोलादी सांधा बसवला. बाई पायावर उभी राहिली हेच नवल! पण डॉक्टरांनी बजावलं होतं, मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही, जमिनीवर तर बसायचंच नाही, सांधा निसटेल. आता तुम्हीच सांगा, आपल्या खेड्यातल्या बाईचं कोणतं काम उभ्यानं होतं? चूल जमिनीवर, पाटा जमिनीवर, गवऱ्या थापायच्या त्याही जमिनीवर. जाऊ कस्तुराबाई तर उलट म्हणायची की लोखंड घालून आणलंय, आता दुप्पट काम व्हाया पायजे. बायनाबाई ऐकून घ्यायची आणि चुलीपुढं वेडंवाकडं वाकून भाकरी भाजायची.

उपकेंद्रातल्या नर्सबाई लीला यांना हे बघवेना. अपंगत्वाचा दाखला मिळाला तर निराधारांचं अनुदान सुरू होईल, शाळेमागची खोली घेता येईल, तिथं उंच ओट्यावर वेगळी चूल मांडू, असं त्यांनी तिला समजावलं. बायनाबाईनं दोनदोनदा विचारलं, खरंच उभ्यानं सैपाक करता येईल का. तिला दुसरं काही नको होतं.

विद्यापीठाच्या नामांतराचं आंदोलन पेटलेलं, त्या दिवसांत एसटी आज चालू तर उद्या बंद. तपासणीचं शिबिर दोनदा पुढं गेलं आणि तिसऱ्या खेपेला एकदाचं भरलं. घरची बाई एकटी कशी जाणार, म्हणून माणिकरावही सोबत आले. गावपुढारी माणूस, त्यांना मानानं डॉक्टरांशेजारी बसवण्यात आलं.

बायनाबाईचं नाव पुकारलं. डॉक्टर तरुण होते, परमुलखातले होते. त्यांनी समोरच्या रिकाम्या खुर्चीकडं हात केला.

"बसा, बाई."

खुर्ची माणिकरावांच्या अगदी समोर होती. बायनाबाईनं खुर्चीकडं पाहिलं, मग दिरांच्या पायांकडं पाहिलं. माणिकराव नुसते खाकरले. दारात उभ्या असलेल्या लीलाबाईंच्या ओठांवर शब्द आले होते. पण त्या माणिकरावांच्याच खोलीत भाड्यानं राहत होत्या, त्यांची जीभ उचलली नाही. बायनाबाईनं टेबलाचा पाय धरला, ओठ दाताखाली घेतला आणि ती हळूहळू खाली जमिनीवर बसली. पदर सारखा केला. आपण रीत पाळली, कुणाला बोलायला जागा ठेवली नाही, असंच त्या भोळ्या बाईला वाटलं.

"रोज अशाच बसता?" डॉक्टरांनी विचारलं.

"व्हय, सायेब."

दिरासमोर न्हाई म्हणायची तिला सवयच नव्हती. डॉक्टरांनी जे पाहिलं ते लिहिलं. सांधा बदललेला आहे, जमिनीवर बसता येते, अनुदानास अपात्र.

उठताना सांधा निसटला. पुरुषमाणसांत ओरडू नये म्हणून तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. पुढं पुन्हा औरंगाबाद झालं, पुन्हा चिरफाड झाली, आत पू धरला आणि चार महिन्यांनी तो पोलादी सांधा काढूनच टाकावा लागला. बायनाबाई कायमची खाटेला खिळली.

लीलाबाईंनी दुसऱ्यांदा अर्ज केला. या वेळी तपासणी घरीच झाली आणि कुणी काही विचारलंसुद्धा नाही. बायनाबाई पात्र ठरली! अनुदान येणार होतं, पण ओट्यापुढं उभं राहायला आता पाय नव्हता. हे लिहिताना काळीज तुटतं.

तलाठी चंद्रभान कागद घेऊन आले तेव्हा त्यांच्यामागून माणिकरावही आत आले. आवाज ओळखून बायनाबाई चाचपडत पदर शोधू लागली. कोपरावर भार देऊन उठू पाहत ती खाटेशी उभ्या असलेल्या लीलाबाईंना म्हणाली,

"बाई, मला खाली उतरवा. दादा आलेत. मी खाटंवर हाय."

लीलाबाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिला परत उशीवर टेकवलं. मग त्या माणिकरावांकडं वळल्या.

"दादा, तुम्ही बाहेर थांबा. या आता कुणासाठी खाली उतरणार नाहीत."

माणिकराव बाहेर गेले. त्याच महिन्यात लीलाबाईंना खोली सोडावी लागली, आणि त्यांनी ती सोडली. पण हेच शब्द शिबिरात बोलायला हवे होते, याची टोचणी त्यांना आजही आहे. त्या दिवशी शिबिरात शिकलीसवरलेली दहा-अकरा माणसं खुर्च्यांवर बसली होती, वाचकहो. बाई जमिनीवर बसताना साऱ्यांनी पाहिली, आणि त्यांतल्या एकालाही त्यात वावगं काही दिसलं नाही.