चांगल्या घरचा ताप

मानाजी कंपाउंडरनं दारात हात आडवा धरला.

"आक्का, नंबरानं! डॉक्टर आत पेशंट बघतायत."

"मज औषध नक्को रे मानाजी! मामांशी एकच शब्द बोलायचाय."

"एक शब्द बोलायला आत गेलेली माणसं अर्धा अर्धा तास बाहेर येत नाहीत. बसा."

अंबुजा बसली. बसली म्हणजे काय, बाकाला टेकली, उठली, पुन्हा टेकली. कडेवरच्या तुळसीचे तिनं इतके मुके घेतले, की ती दीड वर्षाची पोर वैतागून आईचं तोंड ढकलायला लागली. मैलापूरच्या त्या दवाखान्यात तापानं, खोकल्यानं, गुडघ्यांनी गांजलेली माणसं बसली होती आणि त्यांच्यात ही बाई एकटीच हसत होती. कुणी म्हणालं असतं, हिला काय वेडबीड लागलंय की काय!

आणि का नाही हसणार? तासाभरापूर्वी सरकारी हॉस्पिटलातल्या बाईंनी तिला आत बोलावून, दार लावून सांगितलं होतं, "अम्मा, तुमची पाप्पा, ही पोर, निगेटिव्ह आहे. एचआयव्ही नाही तिला. जा, खुशाल वाढवा पोरीला." अंबुजानं त्या बाईंना मिठीच मारली होती. आईच्या रक्तातलं बाळाच्या रक्तात काही महिने दिसत राहतं, म्हणून दीड वर्ष थांबायला सांगितलेलं. त्या दीड वर्षात तुळसीला साधी शिंक आली, तरी ही रात्रभर तिच्या उशाशी जागत बसायची. ती जागरणं आज संपली होती. तिच्या स्वतःच्या रक्तात रोग होता तो होताच. पण आज त्याची आठवण कुणाला होती?

सांगायचं मात्र कुणाला, हा प्रश्न होता. सगळ्या गोतावळ्याच्या लेखी तिचा नवरा शेषगिरी टीबीनं गेला होता. खरं काय ते त्यांच्यात एकाच माणसाला माहीत होतं. ते तिच्या आईचे सख्खे भाऊ, डॉक्टर राघोत्तम. त्यांनीच तिच्याकडून वचन घेतलं होतं, "अंबू, जिवंत आहेस तोवर हे नाव तोंडातून काढू नको गे. पोरीला कुणी दारात उभं करणार नाही."

"काय गे अंबुजा, आज चेहरा भलताच उजळलाय?" शेजारून महालक्ष्मीअक्कांनी विचारलं. तंजावरकडच्याच त्या. जाडजूड, बोलक्या, जिथं बसतील तिथं घर मांडणाऱ्या. त्यांनी तुळसीला कधीच मांडीवर ओढून घेतलं होतं आणि पिशवीतला चकलीसारखा मुरुक्कू तिच्या मुठीत कोंबला होता.

"काही नाही हो. पोर चालायला लागली ना!" अंबुजा म्हणाली. दुसरं काय सांगणार?

"चालू दे, चालू दे, पळू दे! मीच बघ कशी अडकल्ये. हा आमचा संताजी. तै महिन्यात, पोंगल झाला की, लगीन धरलंय आणि ह्याचा ताप काही सोडत नाही. आधी टायफॉइड म्हणाले. मग मलेरिया. मग आणखी काहीतरी. मधेच अक्की उठली बरगडीवर."

"अक्की?"

"नागीण म्हणतात ना, ती. कुंभाराकडे नेऊन काव लिहवून आणली. बरी झाली हो! आता नुसती अशक्ती. टॉनिक संपलं, दुसरी बाटली न्यायला आलोय."

अंबुजानं पलीकडे पाहिलं. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा पोरगा, जॉर्ज टाउनात कागदाच्या घाऊक दुकानात कामाला. भिंतीला डोकं टेकून बसला होता. सदऱ्याचं वरचं बटण उघडं होतं आणि तिथून कुंभारानं बोटानं ओढलेल्या लाल मातीच्या रेघा अजून दिसत होत्या. गालफडं आत गेलेली. त्यानं ओठांवरून जीभ फिरवली, ती पांढरीफटक होती.

तिचं हसू जागच्या जागी थिजलं.

हे सगळं तिनं एकदा पाहिलं होतं. शेषगिरी पंपसेटच्या कंपनीत होता, गावोगाव फिरती. ताप आला, मामांनी टायफॉइड म्हटलं. उतरला, पुन्हा आला. अक्की उठली, तेव्हा तिनंच त्याला कुंभाराकडे नेलं होतं, हसत हसत, आणि त्या लाल चित्रांवरून त्याला चिडवलंही होतं. टॉनिकच्या बाटल्यांची तर घरात रांग लागली होती. अशी चार वर्षं गेली. मग हिला दिवस राहिले, हॉस्पिटलात रीतीप्रमाणे हिचं रक्त तपासलं आणि हिच्या रक्तातून त्याचा रोग कळला. तेव्हा तो अंथरुणात उठून बसूही शकत नव्हता. पोरीचं तोंड बघायलाही राहिला नाही बिचारा. कोठून आलं हे, असं तिनं त्याला एकदाच विचारलं होतं. तो रडला, तशी तिनं पुन्हा विचारलं नाही.

मामा वाईट डॉक्टर नव्हते हो! रात्री-बेरात्री धावून जाणारा माणूस. पण नाडी बघायच्या आधी ते कूळ बघायचे. तंजावरकडचं कुणी आलं, की पहिला प्रश्न, "कुणाचा नातू रे तू?" आणि नातू चांगल्या घरचा निघाला, की काही रोग तिथंच बाद. ते रोग दुसऱ्यांना होतात. आपल्या माणसाला ती तपासणी लिहायची म्हणजे भर पंगतीत थोबाडीत मारल्यासारखं.

"आक्का, जा आत!" मानाजी ओरडला. अंबुजानं तुळसीला उचललं आणि अक्षरशः धावत आत गेली.

"मामा! निगेटिव्ह! पोरगी निगेटिव्ह आली!"

मामा खुर्चीतून उडालेच. स्टेथोस्कोप खाली पडला, चष्मा कपाळावर गेला, आणि पासष्ट वर्षांच्या त्या माणसानं तुळसीला दोन्ही हातांनी उंच उचलून गिरकी घेतली. "पावला गे, देव पावला! अंबू, आज जेवायला घरीच ये. अंबू, मी..." डोळ्यांतून घळाघळा पाणी.

अंबुजाही रडली, हसली, पुन्हा रडली. मग पदरानं नाक पुसून म्हणाली, "मामा, बाहेर संताजी बसलाय. त्याची तीच तपासणी लिहा."

मामांनी तुळसीला खाली ठेवलं. "श्श! दार लोट."

"ताप, अक्की, तोंडात पांढरं. तुमच्या लक्षात नाही आलं?"

मामांनी पडलेला स्टेथोस्कोप उचलून टेबलावर ठेवला. "आलंय गे. शेषगिरीच्या वेळीही आलं होतं."

हे अंबुजाला ठाऊक नव्हतं.

"पण विचारू कसं? त्याच्या आज्याच्या घरी राहून माझे अप्पा शिकले. त्या घरच्या पोराला विचारू, कोठे गेला होतास म्हणून? लगीन ठरलंय. तै महिना होऊन जाऊ दे, मग मी हळूच..."

"होऊन जाऊ दे?" तिचा आवाज चढला. "म्हणजे ती लगीन होऊन येणारी पोर माझ्या जागी येऊन बसणार! मामा, आज मी इतकी आनंदात आहे, की तुमच्यावर रागावताही येत नाही मज. पण हे मी होऊ देणार नाही."

"अंबू, तू वचन दिलंयस."

"दिलं होतं. पोरीसाठी दिलं होतं. पोर सुटली, मामा!"

आणि तुळसीला कडेवर घेऊन ती दार उघडून बाहेर आली. तडक जाऊन आपल्या जागी बाकावर बसली.

"महालक्ष्मीअक्का, चेहरा का उजळलाय विचारलंत ना? सांगते. माझी तुळसी निगेटिव्ह आली आज. तिला एचआयव्ही नाही. मला आहे. ह्यांना होता, टीबी-बिबी नव्हे, त्यानंच गेले ते. त्यांना आधी ताप आला, मग अक्की उठली, मग तोंडात पांढरं आलं. चार वर्षं आम्ही टॉनिक पाजत बसलो. वेळेवर कळतं तर आणखी थोडे दिवस राहिले असते, पोरीचं तोंड बघून गेले असते. संताजीची तपासणी करा. काही निघालं नाही, तर येऊन माझ्या तोंडात मारा!"

बाकाच्या टोकाची म्हातारी उठली. तिच्या शेजारची उठली. बघता बघता अख्खा बाक रिकामा झाला आणि माणसं भिंतीला चिकटून उभी राहिली. तुळसीला मुरुक्कू दिलेला हात महालक्ष्मीअक्कांनी लुगड्याला पुसला, तेही अंबुजानं पाहिलं.

"जीभ झडो तुझी! माझ्या पोराला... लगीन ठरलेल्या पोराला..." त्या संताजीकडे वळल्या. "ऊठ रे! चल घरी!"

संताजी उठला. हळूहळू चालत आला आणि त्या रिकाम्या बाकावर, अंबुजाच्या शेजारी बसला.

"आक्का, कोठे करतात ती?"

"मी नेते. सुई टोचतात, बस्स. आणि औषधं आता निघालीत रे, नवी नवी निघतायत. आधी कळायला मात्र होणा, कळलं तरच देतात."

"फार उशीर झाला असेल?"

"मज ठाऊक नाही, बाबा." खोटं बोलवेना तिला. "पण बारा वाजता खिडकी बंद होते. आत्ता उठलो तर आजच होईल."

"सेरि," तो मान डोलावत म्हणाला. "चला."

मामा दारात उभे होते. मानाजीनं मात्र रस्त्यावर धाव घेऊन ऑटो थांबवला, मीटरवरून ड्रायव्हरशी भांडूनही झालं त्याचं. अंबुजानं संताजीला आधी बसवलं, तुळसीला घेऊन आपण बसली. "चला, चला, वेळ नाही!" ऑटो घरघरला, हलला, आणि कचकन थांबला.

महालक्ष्मीअक्का समोर उभ्या होत्या. चपलाही घातल्या नव्हत्या. आत शिरल्या, मुलाच्या पलीकडच्या अंगाला अंग चोरून बसल्या. तिघांच्या दाटीत तुळसी चेपून रडायला लागली.

अक्कांनी थोडा वेळ रडू दिलं. मग हात लांब करून म्हणाल्या, "दे इकडे तिला. तू ह्याला धर, पडेल तो."