आमच्या जोहोरला

"परदेशगमन ही तपश्चर्या आहे," पांडुरंगराव म्हणाले. "आपली माणसं, आपलं अन्न, आपलं आकाश, सगळ्यावर पाणी सोडावं लागतं."

"पप्पा, जोहोर बाहरू ओन्ली, लाह," टीव्हीवरची नजर न काढता यश सिंगापुरी ढंगात म्हणाला. "बसने फोर्टी मिनिट्स."

यशच्या पिढीला गांभीर्य म्हणून नाही, असं त्याच्या वडिलांचं मत होतं. जोहोर मलेशियात होतं, मलेशिया हा स्वतंत्र देश होता आणि मधे चांगला खारा समुद्र होता. त्या समुद्रावर कोणी किलोमीटरभर रस्ता बांधून ठेवला, हा काही पांडुरंगरावांचा दोष नव्हे.

सिंगापुरात त्यांना नऊ वर्षं झाली होती, आणि तेवढ्यात सिंगापूरचं परदेशपण पार उडालं होतं. तिथे अळूची पानंसुद्धा मिळत. चोआ चू कांग भागातल्या त्यांच्या ब्लॉकमध्ये तीन मराठी घरं होती, त्यातलं एक मनोहरचं. हा मनोहर अकरा आठवडे नॉर्वेला, बर्गनला राहून आलेला. त्याला सहा वर्षं झाली, पण पाऊस आला की 'आमच्या बर्गनला', मासे तळले की 'आमच्या बर्गनला'. आणि लोक ऐकत! पांडुरंगराव बावीस वर्षं बोटीवरून जगभर हिंडले होते, पण इंजिनरूममधून देश दिसत नाहीत. म्हणून जोहोरच्या गोदीत तीन महिने जहाजदुरुस्तीवर देखरेख करायला जायचं ठरलं, तेव्हा त्यांनी मनाशी खूणगाठ बांधली: परत आल्यावर आपल्यालाही 'आमच्या जोहोरला' म्हणता आलं पाहिजे.

कंपनीने रोज न्यायला-आणायला गाडी देऊ केली. त्यांनी खोली मागून घेतली. रोज ये-जा केली तर त्याला परदेश म्हणत नाहीत, कामावर जाणं म्हणतात.

निरोप यथासांग झाला. मनोहर आणि त्याची बायको नीता यांनी जेवायला बोलावून शाल-नारळ दिला. विषुववृत्ताच्या अंगणात शाल. पण पांडुरंगरावांनी ती घामाघूम होईपर्यंत खांद्यावरून काढली नाही. निघताना बायकोने, कुमुदने, हातावर दही घातलं.

"जातो," ते म्हणाले.

"अहो, येतो म्हणावं."

"आता एकदम दिवाळीलाच."

"शनिवारी नाही येणार?"

"परदेशातून शनिवारी कोणी येतं का?" असं म्हणून त्यांनी ट्रंक उचलली. तिच्यात शाल होती, गोडा मसाला होता आणि घरातला लहान कुकर होता.

मंगळवारी ते पोचले. बुधवारी त्यांनी वरणभात केला आणि एकट्याने खाल्ला. गुरुवारी मलेशियाचं तिकीट लावून घरी पत्र टाकलं: 'इकडची हवा मानवेलसं वाटतं.' शुक्रवारी नुसतेच खिडकीत बसले. शनिवारी सकाळी कांदे आणायला सुपरमार्केटात गेले, तर ढिगापलीकडून मराठी ऐकू आलं. मनोहर, नीता आणि कुमुद.

"तुम्ही? इथे?" पांडुरंगराव दचकले.

"दर शनिवारी येतो की आम्ही," मनोहर म्हणाला. "सिंगापुरात तुम्ही शनिवारी गोदीत असायचा, तुम्हाला काय ठाऊक!"

पांडुरंगरावांनी छाती भरून घेतली. "आमच्या जोहोरला कांदा मात्र..."

"ते डावीकडचे घेऊ नका हो, आतून कुजके निघतात. उजवीकडचे घ्या. आणि पलीकडच्या काउंटरला उभे राहा, तिथे रांग कमी असते," मनोहरने मधेच सांगितलं.

पांडुरंगरावांनी मुकाट्याने उजवीकडचे घेतले.

"माझं पत्र मिळालं?" त्यांनी कुमुदला विचारलं.

"कसलं पत्र?"

"येईल."

कुमुदने त्यांना जरा बाजूला घेतलं, इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "अहो, एक मागू? नाही म्हणू नका."

पांडुरंगरावांनी ओळखलं. ही आता घरी चला म्हणणार. दोनदा नाही म्हणायचं आणि तिसऱ्यांदा ऐकायचं, एवढंही त्यांनी ठरवून टाकलं.

"माग," ते म्हणाले.

"तो लहान कुकर आजच द्या. तुमच्याशिवाय जमतंय हो, पण मोठ्यात दोघांपुरतं वरण नीट शिजत नाही."