बारा किरणांचं नाणं

ठसेकाकांनी एकतीस वर्षं टांकसाळीत ठसे कोरले. म्हणजे ज्या पोलादी साच्याखाली धातूची चकती दाबली की तिचं नाणं होतं, तो साचा. त्यात सगळं उलटं कोरावं लागतं. त्या सवयीमुळे दाढी करताना आरशातलं कॅलेंडर काका घडाघडा वाचायचे आणि भिंतीवरचं वाचताना क्षणभर अडखळायचे. गल्लीत त्यांचं खरं नाव पोस्टमनखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं.

निवृत्त होण्याआधीचं त्यांचं शेवटचं काम म्हणजे दहा रुपयांचं नवं नाणं. जुन्या नाण्यावर उगवत्या सूर्याचे नऊ किरण होते. वरून हुकूम आला, किरण बारा करा. का, ते हुकमात नव्हतं आणि काकांनी विचारलंही नाही. सात महिने भिंगाला डोळा लावून त्यांनी बारा किरण कोरले. प्रत्येक किरण केसासारखा बारीक होत जातो आणि कडेला टेकायच्या आत विरतो. ही खुबी जगात दोघांनाच माहीत होती. एक ते स्वतः आणि दुसऱ्या काकू. काकूंना ती इतक्या वेळा ऐकवली गेली होती की माहीत नसून सांगतात कुणाला!

एका सकाळी काका साखर आणायला किराणावाल्याकडे गेले आणि हिशेबाची नाणी त्याच्यापुढे ठेवली. त्यानं ती बोटानं मागे सरकवली.

"नोट द्या काका. हे चालत नाही."

"का बरं?"

"खोटं आहे. खऱ्यावर नऊ किरण असतात. हे मोजा, बारा. मोबाइलवर सगळ्यांना आलंय."

"अरे बाबा, दोन्ही खरी आहेत. हे नवं आहे इतकंच. हे मी स्वतः बनवलंय!"

दुकानात आणखी तीन गिऱ्हाइकं होती. तिघांनीही माना वळवल्या. किराणावाला पुढे वाकून हळूच म्हणाला, "काका, वयानं मोठे आहात म्हणून सांगतो. असलं चारचौघांत बोलू नये."

काका साखरेशिवाय घरी आले. काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि त्यांच्या तोंडाचा पट्टा सुटला. किराणावाला दीडदमडीचा निघाला, मोबाइलवाल्यांना चार आण्यांची अक्कल नव्हती आणि नवरा म्हणजे बंदा रुपया होता. "पण तुमचंही सोळा आणे चुकलंच," त्या म्हणाल्या. "बनवलं कशाला म्हणायचं? नोकरी होती म्हणायचं."

काकांच्या मनात आलं, दमडी गेली, आणे गेले, त्यांचे ठसे कधीच भट्टीत वितळले, आणि तरी ती सगळी ह्या स्वयंपाकघरात बिनतक्रार चालत होती. त्यांचं नाणं मात्र कोपऱ्यावरच्या दुकानात चालेना.

काका हट्टाला पेटले. गल्लीत घरोघरी बारावाली नाणी अडकून पडली होती. "मला द्या, मी नोटा देतो," असं ते सांगत फिरले. लोकांनी डबे रिकामे केले, वर उपकारही मानले. पंधरा दिवसांत काकूंच्या कपाटात साड्यांखाली दोनशे बारा नाणी जमली. काका रोज ती काढून पुसायचे.

अशात एक अनोळखी गृहस्थ आला. चपला बाहेर न काढता तो आत शिरला आणि कुजबुजला, "पाव किमतीत दोन पोती नाणी मिळतील?"

काकांनी त्याला दारातून ढकलून बाहेर काढलं. भाव पटला नाही असं त्याला वाटलं. बाहेरच्या पायऱ्यांवरून तो ओरडला, "बरं, अर्ध्या किमतीत!"

हे शेजाऱ्यांनी ऐकलं. दुसऱ्या दिवशी हवालदार आला.

हवालदार सज्जन होता. तो पाणी प्यायला, मग त्यानं कपाट उघडायला सांगितलं आणि पंचनामा लिहायला बसला. कोरण्या नऊ. भिंगं दोन. संशयित नाणी दोनशे बारा. काकांनी पेन्शनचं पुस्तक पुढे केलं. त्यानं ते नीट वाचलं.

"म्हणजे नाणी तुम्हाला खरोखरच बनवता येतात?"

"येतात," काका ताठ बसून म्हणाले.

"हे लिहून घेऊ?"

"लिहा की!" काकू आतून बाहेर आल्या. "आणि माणूस इमानी आहे, तेही लिहा."

हवालदारानं कागद वरखाली पाहिला. "त्याला रकाना नाही, बाई."

कोरण्या गेल्या, भिंगं गेली, नाणी गेली. तीन आठवडे काका घराबाहेर पडले नाहीत. पेपर वाचायलाही भिंग नव्हतं, त्यामुळे काकू मोठ्यानं वाचून दाखवायच्या आणि चोरीच्या बातम्या तेवढ्या गाळायच्या. शेवटी टांकसाळीचं पत्र पोलिसांकडे आलं: नाणी अस्सल आहेत, आणि सदर गृहस्थांनीच त्यांचा ठसा कोरलेला आहे. हवालदार कोरण्या-भिंगांसकट पिशवी घेऊन स्वतः आला आणि दारापुढच्या ओट्यावर बसून, भर दुपारी, सगळ्या गल्लीदेखत दोनशे बारा नाणी मोजून देऊन गेला.

संध्याकाळी काका पुन्हा साखरेला गेले. किराणावाल्यानं हसून बारावाली नाणी घेतली.

"आता कशी चालली?" काकांनी विचारलं.

"तुमची पोलिसांनी तपासलेली आहेत ना."

"अरे, पण सगळ्याच नाण्यांवर सरकारचा शिक्का असतो!"

"शिक्का काय, कुणीही मारतो. तुमच्यावर चौकशी झालीय काका. तुमचं वेगळं."

झालं. दुसऱ्या दिवसापासून लोक आपापली नाणी घेऊन काकांच्या ओट्यावर येऊ लागले. काका भिंग लावायचे, "खरं" म्हणायचे, आणि तेवढ्यानं ते नाणं दुकानात चालायचं. काकूंनी खुर्चीवर उशी ठेवली. एकतीस वर्षांच्या नोकरीत काकांना इतका मान कधी मिळाला नव्हता, आणि तो आवडतोय हे त्यांना कबूल करवत नव्हतं.

एका मंगळवारी अंडीवाली आली. तिनं आठ नाणी दिली. सातव्यावरून अंगठा फिरवताच काकांचा हात थांबला. नाणं नऊ किरणांचं होतं. किरण बोथट होते, आकड्यांच्या कडा मेणासारख्या गोल. कुणीतरी साच्यात ओतलेलं होतं. आणि ओतणारा हुशार. बाजारात कोणतं चालतं ते बघूनच त्यानं नऊवालं निवडलं होतं.

"हे कुठून आलं, बाई?"

"किराणावाल्यानं दिलं. अस्सल नऊवालं आहे म्हणाला."

"हे खोटं आहे. ठेवा इथे. ह्याच्या बदल्यात हे घ्या." काकांनी खिशातलं स्वतःचं बारावालं पुढे केलं.

अंडीवालीनं ते घेतलं, किरण मोजले आणि परत केलं. "मला नऊवालंच द्या बाबा. उगीच भानगड नको."

काकांनी दहाची नोट दिली. तिनं ती उजेडात धरून दोन्ही बाजूंनी पाहिली आणि टोपली उचलून निघून गेली.

"आता काय करणार?" काकूंनी विचारलं.

"ठाण्यात जमा करतो."

"पुन्हा ठाण्यात? फेकून द्या ना विहिरीत!"

काकांनी चपला घातल्या. खोटं नाणं आपल्या ओट्यावर येऊन तसंच परत जावं, हे त्यांच्यानं सोसवेना.

हवालदारानं पावती दिली, आणि नाणं कुठून आलं ते विचारून थेट किराणावाल्याचं दुकान गाठलं. गल्ल्यातली नऊवाली सगळी नाणी तपासणीसाठी नेली. त्यात आणखी तीन बोथट निघाली. अंधार पडायच्या आत घराघरांत मोबाइल वाजले: सावधान, नऊ किरणांचं नाणं खोटं, फक्त बारावालंच घ्या.

चार दिवस काका समजावत फिरले की नऊवालं नाणंही खरंच असतं, तेवढी चारच वाईट होती. लोक आदरानं मान हलवायचे आणि बारावालं मागायचे. ओट्यावर आता कुणी फिरकत नव्हतं. तपासायचं राहिलंच काय होतं?

पुढच्या आठवड्यात काका साबण आणायला गेले. बारा किरणांची चार नाणी त्यांनी पुढे ठेवली. किराणावाला शेजाऱ्याशी बोलत होता. बोलता बोलताच त्यानं ती हाताच्या एका झटक्यात गल्ल्यात लोटली. नजरसुद्धा टाकली नाही. नाणं चालतं ते असंच, हे काकांना एकतीस वर्षांपासून माहीत होतं. तरी साबण हातात घेऊन ते जरा वेळ तिथेच उभे राहिले. एकदा तरी बघायला हवं होतं त्यानं.