आवाज बसलेला सिनेमा

"मास्तर, एक वेळ इंजेक्शन द्या, पण उभं करून इंग्रजी बोलायला लावू नका," असं म्हणून रुग्णवाहिकेचे ड्रायव्हर खाली बसले.

मी काही खरा मास्तर नव्हे. याच हॉस्पिटलच्या रेकॉर्डरूममध्ये कारकून होतो. निवृत्त झाल्यावर, हा माणूस सारखा वाचत असतो म्हणजे शिकवतही असेल, असं कुणीतरी ठरवलं आणि ड्यूटी संपलेल्या लोकांचा इंग्रजीचा वर्ग माझ्या गळ्यात पडला. फायलींच्या उंच मांडण्यांच्या मधे सहा खुर्च्या मांडून आम्ही बसत होतो.

ड्रायव्हरांचा आवाज असा, की भोंगा बिघडला तरी अडू नये. इंग्रजी म्हटलं की मात्र दातखीळ बसायची. आणि सोमवारी त्यांची तोंडी परीक्षा होती. नव्या गाड्यांत वायरलेस आला होता, त्यावर सगळं बोलणं इंग्रजीत. नापास होईल त्याची बदली शववाहिकेवर. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली.

"मेलेल्यांची सेवा वाईट नाही हो," ते म्हणाले, "पण त्यांना घाई नसते. मला सव्वीस वर्षं घाईची सवय."

दोन महिने मी त्यांना व्याकरणाच्या पुस्तकातून शिकवत होतो. दोष माझाच असणार, असं मला रोज घरी जाताना वाटायचं. शेवटी नात म्हणाली, "आजोबा, तुमच्या पुस्तकात कुणी भांडतसुद्धा नाही. सिनेमा दाखवा ना!"

गुरुवारी तिचा जुना लॅपटॉप घेऊन गेलो. चित्र आलं, आवाज काही येईना. तो बसलेला होता, हे घरी तपासायचं मला सुचलंच नव्हतं. मी ओशाळून झाकण लावू लागलो.

"राहू द्या हो," लाँड्रीतल्या मावशी म्हणाल्या. "आमच्या ह्यांचा आवाज पंधरा वर्षं बंद आहे, चाललाय ना संसार? यांच्या वतीनं आपणच बोलू."

पडद्यावर एक स्वयंपाकघर होतं. नवरा बॅग उचलून निघालेला, बायको दार अडवून उभी. मावशींनी नवरा स्वतःकडे घेतला.

"आणि बायको?"

सगळ्यांनी ड्रायव्हरांकडे पाहिलं. वर्गात मिशी होती ती त्यांनाच, एवढंच कारण. ते कुरकुरले, मग मिशीवर रुमाल धरून बारीक आवाजात म्हणाले, "व्हेअर यू गो? नो टी, नो एग! फर्स्ट ईट, देन गो!"

"आय गो! यू टॉक टू मच!" मावशी गरजल्या.

"मी टॉक? यू नेव्हर टॉक! ट्वेंटी इयर, नो टॉक!"

फार्मसीतला पोरगेला कारकून हसून हसून खुर्चीवरून घसरला. मी चुका टिपायला कागद घेतला होता. अकरा टिपल्या आणि कागद उलटा केला.

तेवढ्यात पडद्यावरचा नवरा पायरीवरून कोसळला. बायको धावत जाऊन त्याच्याजवळ बसली. ड्रायव्हरांचा रुमाल खाली आला. आवाज त्यांचा स्वतःचा झाला, पण मी कधी न ऐकलेला, अगदी हळू.

"डोन्ट मूव्ह. लुक अ‍ॅट मी. स्लो ब्रीदिंग. गुड. आय अ‍ॅम हिअर."

मावशी आपलं वाक्य विसरल्या.

"हे कुठून आणलंत?" मी विचारलं.

"गाडीत, मागच्या बाजूनं. परक्या मुलखातला पेशंट असला की सिस्टर असंच बोलतात. मी पुढे बघून गाडी चालवत असतो, कानावर पडतं." मग तेच चकित होऊन म्हणाले, "तोंडात होतं की हो माझ्या!"

शुक्रवारी, शनिवारी आम्ही पुस्तक उघडलंच नाही. मुक्या पडद्यासमोर ड्रायव्हर सासू झाले, पोलीस झाले, एकदा तर पळून गेलेली नवरीही झाले. रविवारी सुट्टी असूनही सगळे आले.

सोमवारी परीक्षा झाली. निकाल बुधवारी लागायचा होता. विचारायला जावं, तर कुणाला विचारायचं? नापास असतील तर तोंड कसं दाखवायचं? म्हणून त्या दिवशी मी हॉस्पिटलच्या फाटकाशी नुसता उभा राहिलो. पास झाले असतील तर म्हणायला अभिनंदनाचं एक इंग्रजी वाक्य घोकून ठेवलं होतं.

रस्त्याच्या वळणावरून नवी कोरी गाडी भोंगा वाजवत आली. स्टिअरिंगवर तेच होते. एका हातात वायरलेस. खिडकीतून त्यांचे शब्द स्पष्ट ऐकू आले, "पेशंट ब्रीदिंग. वन मिनिट. ओपन गेट, प्लीज."

मी हात वर केला. त्यांनी पाहिलं नाही.

"ओळख दाखवली नाही वाटतं साहेबांनी?" फाटक उघडत पहारेकरी म्हणाला.

"कामात आहेत," मी म्हटलं, आणि गाडीला वाट मिळावी म्हणून आणखी एक पाऊल मागे सरकलो.